कौल आणि परवाना: ‘घाशीराम कोतवाल’ बंदोबस्तातल्या शहरात वाचताना

मंडळी, विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. तेव्हापासून आजपर्यंत आपण त्याच्यावर मुख्यतः एकाच गोष्टीवरून भांडत आलो आहोत, ती म्हणजे बदनामी. नानांची बदनामी झाली का, ब्राह्मणांची झाली का, पुण्याची झाली का. भांडण संपलं की समीक्षक येतात. ते सांगतात की हे ऐतिहासिक नाटक नव्हे, सत्ता घाशीराम कसे घडवते आणि गरज सरली की कसे फेकून देते याची ही गोष्ट आहे. हे वाचन बरोबर आहे, आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं तेच शिकवलं. पण त्यात नजर सतत वरच्या दोघांवर राहते, नाना आणि घाशीराम. खाली जे शहर राहतंय त्याचं काय?

आज आपण त्या शहराकडे बघू. आमचं म्हणणं साधं आहे. ‘घाशीराम’ हे बंदोबस्ताचं नाटक आहे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर यायचं नाही, यायचं तर परवाना हवा, परवाना नसेल तर कोठडी. हा त्या नाटकाचा मधला भाग आहे, आणि प्रयोगात तो इतका झपाट्याने, नाचत-गात निघून जातो की प्रेक्षक हसून मोकळा होतो. आम्हीही हसलोय. पण तिथे घडतं काय ते सावकाश बघा.

कनोजहून आलेला हा माणूस पुण्यात अपमानित होतो. चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो, गावाबाहेर हाकललं जातं. सूड म्हणून तो स्वतःच्या मुलीच्या, गौरीच्या, मोबदल्यात नानांकडून कोतवाली मिळवतो. आणि पहिलं काम कोणतं करतो? सुव्यवस्था आणतो. बावनखणीत रात्री घालवणारे जे सभ्य लोक सुरुवातीला आपण पाहिले, त्यांनाच तो रस्त्यात अडवतो. म्हणजे कोतवालाच्या कारभाराची सुरुवात जुलूम म्हणून होत नाही. वरवर पाहता ती शिस्त असते. चांगल्या घरातल्या माणसाला वाटावं, बरं झालं, या उनाडांना कोणीतरी धाक घातला. मग हळूहळू परवान्यांची यादी वाढत जाते. घरात शिरून नवरा-बायकोच्या नात्याचीही चौकशी होते. आणि त्या सगळ्या धावपळीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही: पुण्यात चोऱ्या कमी झाल्या का? नाटकात त्याचं उत्तर नाही. आमच्या मते तेंडुलकरांनी ते मुद्दाम दिलेलं नाही, कारण परवान्याचा चोरीशी संबंधच नव्हता.

इथे थोडं इतिहासात डोकावू. खरा घाशीराम सावळादास ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस लोकांच्या दगडांनी मेला. कोठडीत कोंबलेले परगावचे ब्राह्मण गुदमरून मेले, त्यावरून शहर उसळलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, म्हणजे ही आठवण पुण्याने सत्तर वर्षं तरी जपली होती. आता योगायोग पाहा. त्याच १७९१ साली लंडनमध्ये जेरेमी बेन्थमचं ‘पॅनॉप्टिकॉन’ छापून आलं. गोल इमारत, कडेने कोठड्या, मध्ये मनोरा. मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना पाहू शकतो, त्याला मात्र कोणी पाहू शकत नाही. तो आत्ता बघतोय की जेवायला गेलाय हे कैद्याला कळत नाही, म्हणून कैदी सदासर्वकाळ नीट वागतो. बेन्थमला ही इमारत बांधता आली नाही, शेवटी सरकारकडून नुकसानभरपाई घेऊन तो स्वस्थ बसला. पण मिशेल फूकोने १९७५ मध्ये दाखवून दिलं की इमारत उभी राहायची गरजच नव्हती, कल्पना शाळेत, कारखान्यात, इस्पितळात शिरली होती.

तर १७९१ मध्ये पहाऱ्याचे दोन नमुने शेजारी शेजारी उभे आहेत. घाशीराम घोड्यावरून येतो, आरडाओरडा करतो, दार ठोठावतो, दिसतो. आणि दिसतो म्हणूनच त्याला दगड मारता येतो. बेन्थमचा पहारेकरी दिसतच नाही, मग दगड कोणाला मारणार? आपल्या शहरांनी या दोन्ही पद्धती एकत्र केल्या आहेत. नाक्यावर बॅरिकेड लावून घाशीराम उभा आहे आणि खांबावर बेन्थम बसला आहे.

आता मुंबईकडे येऊ. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र इथे बसलेल्या बहुतेकांना आठवत असेल. हल्ल्यांत १६६ माणसं गेली, त्यांतली पन्नासहून अधिक एकट्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर. आणि तुकाराम ओंबळे. हातात लाठी, समोर एके-४७, आणि त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली. पुढे जे काही आम्ही बोलणार आहोत ते ओंबळ्यांना विसरून बोललेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. राज्य जेव्हा एका माणसाला लाठी देऊन रायफलीसमोर पाठवतं, तेव्हा पोलीस दल नीट सज्ज हवं ही मागणी रास्तच असते.

पण त्या रात्रीनंतर शहरात काय वाढलं? स्थानकाच्या दारांत धातुशोधक चौकटी आल्या. गर्दीच्या वेळी शेकडो माणसं त्यांतून जातात, चौकट पिं पिं करत राहते, कोणी मान वर करून बघत नाही. बघणार तरी कसं? लोकलच्या प्रवाशाला थांबवायचं म्हणजे शहर थांबवायचं. मॉलच्या दाराशी गाडीखाली आरसा फिरतो, डिकी उघडली जाते, बंद होते. पिशवीत हात घातल्यासारखं करतात. तपासणाराला माहीत आहे, तपासून घेणाराला माहीत आहे, की हे नाटक आहे. दोघंही आपापली भूमिका करतात, आणि आपण आत जातो थोडं हायसं वाटून. आम्हाला अस्वस्थता वाटते ती नेमकी या हायसं वाटण्याची. कारण ते खरं असतं. सुरक्षितता वाढलेली नसते, पण सुरक्षित असल्याची भावना मात्र मिळालेली असते, आणि माणूस पुढच्या वेळी ती भावनाच मागतो.

बरं, हे नाटक सगळ्यांना सारखं लागू असतं का? नसतं. सोसायट्यांच्या फाटकावर जाऊन उभे राहा. गाडीतून येणाऱ्याला वॉचमन सलाम ठोकून आडवा दांडा वर करतो. घरकाम करणाऱ्या बाईंना मात्र जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते, मालकिणीने दिलेली भाजी असेल तरी. फोटोचं ओळखपत्र, पोलिसांकडची नोंद, ॲपवर येण्याजाण्याची वेळ, हे सगळं त्यांच्यासाठी. आणि तो वॉचमन कोण असतो? बहुतेक वेळा त्यांच्यासारखाच दूरच्या गावाहून आलेला, बारा तास उभा राहणारा माणूस. घाशीरामही बाहेरगावचाच होता, हे आठवतं ना? शहराने आपला पहारा नेहमी परक्याकडे सोपवला आणि संशयही परक्यावरच घेतला. आम्ही राहतो तिथल्या सभेत एकदा विचारलं की ही पिशवी-तपासणी सभासदांचीही करू या का. हसले सगळे. प्रश्न विनोद म्हणूनच घेतला गेला, आणि विषय पार्किंगकडे वळला.

एक शब्द आहे, जो या सगळ्यात हरवला. कौल. देवाचा कौल नव्हे, राज्याचा. मराठेशाहीत ओसाड गाव वसवायचं, पेठ वसवायची, तर सरकार कौल देत असे. या, वस्ती करा, इतकी वर्षं पट्टी घेणार नाही, उपद्रव होऊ देणार नाही. पुण्याच्या कितीतरी पेठा अशा सवलती देऊन वसल्या. कौल हा कागद राज्याला बांधतो. लिहिणारा राज्य, वचन देणारा राज्य, आणि ते मोडलं तर रयत कागद दाखवून विचारू शकते. परवाना बरोबर उलटा. तो रयतेला बांधतो. राज्य विचारणार, रयत दाखवणार. सुरक्षा हे कोणत्याही सरकारचं पहिलं कर्तव्य, यात वाद नाही. हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये राज्याचा सगळा डोलाराच त्यावर उभा केला. आपण भीतीपोटी आपली ताकद राज्याकडे देतो, बदल्यात ते आपला जीव राखतं. पण हे जीव राखणं कौल म्हणून येणार की परवाना म्हणून, हा खरा प्रश्न आहे. ‘घाशीराम’मधलं पुणं कौलाने वसलं आणि परवान्यावर जगू लागलं.

आणि कौलाच्या दृष्टीने पाहिलं तर आपला हिशेबच बदलतो. २९ सप्टेंबर २०१७, सकाळ, एल्फिन्स्टन रोडचा पूल. अरुंद जिना, पाऊस, गर्दी. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. कोणी दहशतवादी नव्हता. मुंबईत रुळांवर, गाडीतून पडून, फलाटाच्या फटीत सापडून माणसं वर्षाला शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मेली आहेत, वर्षानुवर्षं. रुंद पूल ही सुरक्षा नाही का? फलाटाची उंची ही सुरक्षा नाही का? पण या खर्चाला आपण ‘सुविधा’ म्हणतो, आणि ‘सुरक्षा’ हा शब्द चौकटीसाठी, कॅमेऱ्यासाठी, बंदूकधारी वाळूच्या पोत्यांसाठी राखून ठेवतो. भाषेतली ही वाटणी कोणी केली, कधी झाली, कोणाला सोयीची आहे, यावर एखाद्या तरुण अभ्यासकाने काम करावं.

आता नाटकातल्या सगळ्यात भयंकर प्रसंगाकडे येतो. एका ब्राह्मणावर चोरीचा आळ आहे, तो नाकारतो. घाशीराम दिव्य करायला लावतो, तापलेला लोखंडी गोळा हातावर ठेवला जातो. हात जळतात आणि माणूस कबूल करतो. ज्या घाशीरामवर कधीकाळी चोरीचा खोटा आळ आला होता, तोच आता आळ खरा करून दाखवतो. तेंडुलकर इथे काही भाष्य करत नाहीत. दिव्यातून सत्य कळतं असं तिथे जमलेल्यांपैकी कोणी मानत असेल का, शंका आहे. पण प्रकरण निकालात निघतं, आणि तेच हवं असतं.

हे अठराव्या शतकातलं म्हणून सोडून देता येत नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. खटल्याचा मोठा भार कबुलीजबाबांवर होता, आणि न्यायालयाने ते विश्वासार्ह मानले नाहीत. एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयाने सांगितलं, अंतिम निवाडा व्हायचा आहे, तेव्हा त्याविषयी आम्ही आधीच काही ठरवून बोलणार नाही. पण एवढं तर आत्ताही दिसतं: उच्च न्यायालय बरोबर असेल तर एकोणीस वर्षं बारा कुटुंबं भरडली गेली, आणि ज्यांनी ते बॉम्ब ठेवले ते कोणीतरी दुसरेच होते. त्या डब्यात ज्याचा मुलगा गेला त्या बापाला मग एवढ्या वर्षांत काय मिळालं? कडक तपास आणि खरा तपास या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्या बापाला आपल्याहून जास्त कळत असणार.

इथे कोणी म्हणेल, प्रोफेसर पोलिसांच्या विरुद्ध आहेत. नाही हो. तेंडुलकरही नव्हते. ‘घाशीराम’नंतर अकरा वर्षांनी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. पटकथा तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. त्यात फौजदार अनंत वेलणकर आहे. हा घाशीरामचा धाकटा भाऊ समजा, पण इथे कॅमेरा त्याच्या बाजूने लावलाय. बाप हवालदार, घरात मार खाल्लेला, मनाविरुद्ध पोलिसात आलेला, प्रामाणिक राहू पाहणारा. वरून दबाव, खालून चीड, आणि एका रात्री कोठडीतला माणूस त्याच्या माराने मरतो. आम्हाला ‘अर्धसत्य’ हा ‘घाशीराम’पेक्षा पुढचा विचार वाटतो, हे नाट्यसमीक्षकांना पटणार नाही. पण ‘घाशीराम’मध्ये कोतवालाचा राग हा एका माणसाचा सूड होता, ‘अर्धसत्य’मध्ये तो खात्याचा रोजचा कारभार झालाय. वेलणकरला वेगळा सूड घ्यायचा नव्हता, तरी तो तिथेच पोचला.

बंदोबस्ताचा पहिला भार त्या वर्दीवरच पडतो. गणपतीचे दहा दिवस, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने. बारा तास म्हणून लावलेली ड्यूटी कधी सोळावर जाते ते त्याच्या बायकोला विचारा. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, हीच किती मोठी बातमी झाली होती! कारखान्यातल्या कामगाराला जे कधीच मिळालं, ते कॉन्स्टेबलला प्रयोग म्हणून. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे स्पष्ट आदेश दिले, बदल्यांतला राजकीय हात आवरा, तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करा. वीस वर्षं होत आली, राज्यांची टाळाटाळ चालूच आहे. कॅमेरे मात्र भराभर लागले. खांबाला कॅमेरा लावणं सोपं असतं, नानाच्या हाताला लगाम लावणं अवघड.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हिंजवडीहून रात्री दोन वाजता घरी येणारी मुलगी म्हणेल, सर, तुमचा फूको घरी ठेवा, मला कोपऱ्यावर पोलीस हवा. तिचं खरं आहे. निर्मनुष्य रस्त्यावर चौकीचा दिवा दिसला तर आम्हालाही बरंच वाटतं. पण तो रस्ता निर्मनुष्य का झाला, हेही तिने विचारावं. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथांवर पुस्तक लिहिलं. तिचं प्रतिपादन असं, की रस्ता मुख्यतः पोलीस राखत नाहीत, रस्त्यावर कामधंद्याला असलेली माणसं राखतात. दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, उशिरापर्यंत उघडा असलेला गुत्ता. आपल्याकडे हे कोण करतं? पानवाला, इस्त्रीवाला, भुर्जीची गाडी, रिक्षा स्टँड. आणि सुरक्षेच्या नावाने सगळ्यांत आधी उठवतो कोणाला? यांनाच. एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं ठरलं. गर्दीच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल, आहेच. पण रात्री साडेअकराला शेवटच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बाईसाठी तो भुर्जीवाल्याचा पेटता स्टोव्ह काय होता, हे त्या १५० मीटरमध्ये कोणी मोजलं नाही. ती जागा मग कॅमेऱ्याने भरून काढायची. कॅमेरा पाहतो, पण हाक मारली तर येत नाही. दुसऱ्या दिवशी पुरावा देतो, तोही चालू असला तर.

जेकब्सचं म्हणणं जसंच्या तसं आपल्याला लागू पडतं असं मात्र नाही. आपल्या गल्लीचे डोळे जातही बघतात, धर्मही बघतात, मुलगी कोणाबरोबर आली तेही बघतात. वाड्यातल्या डोळ्यांना कंटाळूनच कितीतरी बायका फ्लॅटमध्ये सुखी झाल्या. तेव्हा शेजाऱ्यांचा पहारा म्हणजे स्वर्ग, असं आम्ही म्हणणार नाही.

शेवटी नाटकातल्या त्या भिंतीबद्दल. बारा ब्राह्मण ओळीने उभे राहतात, गातात, डोलतात, कधी गर्दी होतात, कधी पडदा. जब्बार पटेलांच्या प्रयोगातली ही भिंत जगभर वाखाणली गेली. भिंत आपल्याकडे तोंड करून असते तेव्हा आपण तिला शहर समजतो. ती पाठ फिरवते तेव्हा पलीकडे नाना काय करतोय ते दिसत नाही. लक्षात घ्या, तीच माणसं परवाने दाखवतात, आणि नानाला झाकणारा आडोसाही त्यांचाच होतो. घाशीरामवर दगड पडतात तेव्हाही दगड मारणारे तेच. मग नाना पुढे येतो, शहराची एक ब्याद टळली म्हणून उत्सव करायला सांगतो, आणि भिंत पुन्हा डोलू लागते. परवान्याची पद्धत रद्द झाली का, हे नाटक सांगत नाही. कोतवाल मेला, कोतवाली राहिली.

आपल्याकडे निदान प्रश्न विचारण्याची जागा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सरकारने त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि उपाय गरजेपुरताच हवा असं सांगितलं. हे तिन्ही निकष सरकारसाठी आहेत, तुमच्या सोसायटीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत नवीन कॅमेऱ्यांचा विषय येईल तेव्हा विचारायला हरकत नाही: चित्रीकरण किती दिवस राहणार, ते कोण बघणार, बघितल्याची नोंद कुठे होणार, आणि कामवाल्या बाईंनी मागितलं तर त्यांनाही ते दाखवणार का.

घड्याळ पुढे गेलंय. मागे बसलेल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.